ताप नव्हता म्हणून

शिरपूर

प्रिय सपना,

तुला वहिनी म्हणायला मला कधी जमलंच नाही, तेव्हा आजही नावानेच लिहिते. हॉस्टेलच्या खोलीत सोबत राहिलेल्या मुलीने आपल्या भावाशी लग्न केलं तरी ती आधी मैत्रीणच. रोज मोबाईलवर बोलणारी ही बाई आज कागद घेऊन का बसली, असं तुला वाटेल. सांगते, पण जरा क्रमाने सांगू दे. रागात अक्षर बिघडतं, आणि आज ते नीट यायला हवं.

आठवडाभर मला जेवण जात नाहीये. शेंगदाण्याच्या नुसत्या वासाने मळमळतं, आणि दाण्याच्या कुटाशिवाय आपल्याकडे काय शिजतं? काल मेसमध्ये भरली वांगी होती. एक घास तोंडात फिरवला, बाहेर जाऊन थुंकले आणि ताट तसंच टाकून उठले.

उंदरांमुळे होतंय असं इथे सगळ्यांना वाटतं. आमच्या प्रयोगशाळेचं काम आहेच तसं. त्यांच्या मुताचा वास केसांत बसतो, न्हालं तरी जात नाही. आधी तर तापमान घ्यायला त्यांना मागून बारीक नळी घालावी लागायची. उंदीर किंचाळायचा, हातावर हगायचा, आणि भीतीनेच त्याचं अंग तापायचं, म्हणजे आकडाही खोटा. आता पोटावरचे केस काढून तेवढ्या उघड्या कातडीवर लांबूनच थर्मामीटर धरायचा. हात लावायला नको, त्रास नको. आमचे सर पाहुण्यांना हे फार कौतुकाने दाखवतात. पुढचं सांगत नाहीत. ज्या उंदराला आम्हीच शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी करून ठेवलेली असते, त्याला शेंगदाण्याचा अर्क टोचला की तो तापत नाही, गार पडतो. आकडा खाली खाली येत जातो. उंदीर केस फुलवून कोपऱ्यात बसतो, ढोसलं तरी हलत नाही. आणि सर मागून म्हणतात, वा, मस्त पडला! तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही मला. पण त्या किळसेची सवय होते गं. उद्या तुझ्या यशूसारख्या पोरांच्या उपयोगी पडेल, असं म्हणून मी ती गिळते.

बोदवडच्या लग्नात चिक्कीच्या एका तुकड्याने यशूचे ओठ सुजले होते, श्वास घरघरत होता, आणि तू तिला उचलून अनवाणी दवाखान्यात धावली होतीस. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, शेंगदाणा वर्ज्य. नानांना ते कधी पटलंच नाही. निवृत्त मुख्याध्यापक माणूस, त्यांना कोण शिकवणार? शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, आणि तीही खान्देशात! सुनेचं खूळ आहे झालं. तरी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या वेळी माझ्या भावाने, युवराजने, तुझं न ऐकता पोरीला नानांकडे धुळ्याला ठेवलं. जळगावला तुझ्याकडे परत आली ती मलूल होऊन. तू विचारलंस, तर नाना म्हणाले ऊन लागलं असेल. पुन्हा विचारलंस तर युवराज तुझ्यावरच ओरडला, माझ्या बापाला खोटं पाडतेस म्हणून. मग तू मला फोनवर रडत म्हणालीस की मीच वेडी आहे बहुतेक. सपना, तू वेडी नाहीस.

गेल्या रविवारी मी धुळ्याला गेले होते. नाना खुशीत होते, माझ्या कामाची चौकशी करत होते. उंदराला हात न लावता ताप कसा मोजतो ते मी समजावून सांगितलं. ते हसतच उठले आणि करोनात घेतलेला, कपाळावर रोखायचा तो थर्मामीटर कपाटातून काढून आणला. म्हणाले, मग आम्हीही शास्त्रज्ञच! आणि सांगत सुटले. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी यशूच्या शिकरणीत दाण्याचं कूट कालवलं होतं. भरवलं आणि थोड्या थोड्या वेळाने कपाळावर यंत्र धरत बसले. “पोरले काहीच व्हयनं नही. ताप नही, उलट अंग गारगार शे!”

त्या दिवशी बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं, आणि पोरीचं अंग गार. फ्रॉकभर ओकली, मग खाटेवर पडून राहिली, हाक मारली तरी ओ देईना. नानांच्या लेखी ती छान झोपली होती. माणसात आकडा उंदराइतका घसरत नाही, पण रक्तदाब कोसळला की अंग गार पडतं, घाम सुटतो, मूल गप्प होतं. नाना ताप शोधत बसले आणि पोर त्यांच्या समोर हातची जात होती. वाचली ती निव्वळ नशिबाने. मी आईकडे बघितलं. ती मान खाली घालून म्हणाली, “मी काय सांगू माय, मी तिनं फराक धुई टाकं.”

मला शिसारी आली. नानांच्या हसण्याची, आईच्या खाली घातलेल्या मानेची, त्या घरच्या भांड्यांची सुद्धा. मोरीत जाऊन ओकले मी. उंदराला सुई टोचायची तरी आम्हाला समितीपुढे उभं राहून परवानगी घ्यावी लागते. नानांनी पोरीच्या आईलाही विचारलं नाही, आणि वर ऊन लागलं म्हणून थाप मारली.

आता पत्र का, ते ऐक. युवराज या रविवारी यशूला सुट्टीसाठी धुळ्याला सोडणार आहे, आणि नाना मला म्हणाले, या खेपेला अख्खे दाणे देऊन तिची भीती कायमची मोडू. मी युवराजला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, सपनाने तुझे कान भरलेत, आणि फोन ठेवला. म्हणून हे माझ्या हाताने, माझ्या सहीने लिहून देतेय. त्याच्यासमोर ठेव. बहिणीचं अक्षर तो ओळखतो. आणि तरीही तो पोरीला घेऊन निघाला, तर मला फक्त एक फोन कर. मी थेट पोलीस ठाण्यात जाईन, आणि फिर्यादीत माझ्या बापाचं नाव मीच लिहीन.

तुझीच,
दिपमाला