धुतलेला पट्टा

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळी ७.४०. मोरीत उकिडवा बसून मॅडमचा काळा पट्टा धूत होतो.

हे लिहायला नको होतं. पण वहीत खोटं लिहून काय करू?

कराटेचा पट्टा धूत नाहीत. आमच्या क्लासच्या भिंतीवर नियम चौथा म्हणून ते मीच रंगवलंय, कारण क्लासमध्ये माझं अक्षर बरं. 'पट्टा कधीही धुवायचा नाही. त्यात आपली मेहनत असते.' 'मेहनत' दोनदा तपासून लिहिलं होतं.

झालं असं. रविवारी मॅडमचा सत्कार आहे. सातपूरमध्ये कामगारांच्या मुलींना कराटे शिकवणाऱ्या पहिल्या बाई, ब्लॅक बेल्ट छाया बोरस्ते. पत्रिका छापून आल्या. मॅडमनी ड्रेस माझ्याकडे इस्त्रीला दिला, पट्टा त्यातच गुंडाळलेला. वाटेत मिसळ खायला थांबलो. पिशवी बाकावर ठेवली. शेजारच्याचा कोपर लागला आणि तर्री थेट पट्ट्यावर!

सत्काराला तर्रीचा पट्टा? निळा साबण लावला. पाणी काळं. बादली बदलली. तेही काळं. थांबायला हवं होतं. मी आणखी घासलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर.

पट्टा वाळला. तपकिरी आहे!

विटलेला काळा नाही, चांगला तपकिरी. माझ्या पट्ट्याशेजारी ठेवला. कुठला कोणाचा, कळेना. मी सहा वर्षं तपकिरी. पुढे काळा, पण त्याची परीक्षा माझ्याच्याने होत नाही. पहिल्या वेळी हॉलच्या दारातून परतलो. दुसऱ्या वेळी ताप आला. थर्मामीटरमध्ये दिसला नाही, पण होता. मॅडम रागावल्या नाहीत. फक्त महिनाभर रोज विचारायच्या, "हर्षल, उतरला का ताप?"

वर्कशॉपमधून लवकर सुटून पंचवटीत गेलो. काळा रंग मागितला. दुकानदार म्हणाला, "कशाला?"

"पट्ट्याला. कराटेच्या."

"मग छायाताईंच्या क्लासचे तुम्ही! ताई स्वतः येतात ना दरवर्षी, दसऱ्याच्या आधी. यंदा दोनदा?"

पुडी खिशात घातली. दसऱ्याला आम्ही सगळ्यांचे पट्टे पाटावर मांडून पूजा करतो. मॅडमचा सगळ्यांत वर, सगळ्यांत काळा. हळद-कुंकू मीच वाहतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.

सांगितलं. पोरं गेल्यावर, सतरंज्या गुंडाळता गुंडाळता.

"मॅडम, पट्टा धुतला."

त्यांनी हात थांबवला नाही. "कशाने?"

"निळ्या साबणाने."

"मग उतरणारच."

मग त्या बाकावर बसल्या आणि मलाही बस म्हणाल्या. त्यांचे सर मुंबईहून यायचे, तीन महिन्यांतून एकदा. ते म्हणाले होते, तुला सगळं येतं, पण बायकांची काळ्याची परीक्षा मी घेत नाही, लग्न झालं की सोडता. शिकवायचं तर शिकव. मॅडमनी शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी एका मुलीच्या आईने तपकिरी पट्टा पाहून विचारलं — मास्तरीण अजून शिकतेच का?

"त्याच दुपारी पुडी आणली," मॅडम म्हणाल्या.

"आणि नंतर? नंतर तर बायका परीक्षा द्यायला लागल्या."

"नंतर माझ्याच पोरी द्यायला लागल्या. त्यांच्या रांगेत कुठल्या तोंडाने उभी राहू?"

मी पट्टा आणि पुडी दोन्ही पुढे केलं. "रविवारच्या आत रंगवून होईल. कोणाला कळणार नाही."

त्यांनी दोन्ही पर्समध्ये टाकलं. चेन ओढली.

शनिवार, ८ नोव्हेंबर.

रंगवला की नाही, माहीत नाही. विचारलं नाही. जेवणाचा डबा तसाच परत आणला.

रविवार, ९ नोव्हेंबर.

मॅडम तपकिरी पट्टा बांधून आल्या.

मोठ्या माणसांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. रुद्र, वय नऊ, पिवळा पट्टा, पहिल्या रांगेतून ओरडला, "मॅडम! तुमचा पट्टा चुकला!"

"चुकला नाही रे. आज बरोबर आहे."

मग त्यांनी माईक घेऊन सगळं सांगून टाकलं. पुडीसकट. एक पालक उठून म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं फसवलंत की हो आम्हाला!" त्यावर मागून धोंडाबाई उठल्या. त्यांची सुवर्णा पहिल्या बॅचची. "फसवलं काय, भाऊ? माझ्या पोरीनं कंपनीच्या गेटवर हात धरणाऱ्याचं मनगट पिरगाळलं, लय बोंबलला तो. त्येला इचारा, रंग पक्का हाय का कच्चा!"

लोक हसले. ते पालक हसले नाहीत.

मॅडम म्हणाल्या, "या महिन्याच्या तीस तारखेला पुण्याचे परीक्षक येताहेत. मी परीक्षेला बसणार. पास झाले तर सत्कार करा."

मंडळाचे अध्यक्ष हळूच म्हणाले, "ताई, पण शाल आणलीये."

शाल शेवटी केटररला घातली. फोटोवाला खोळंबला होता.

उतरता उतरता मॅडम माईकवर आणखी एक वाक्य बोलल्या. "एकटी बसणार नाही. हर्षलपण बसणार आहे."

घरी आल्यावर थर्मामीटर लावला. काही नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

काही पालकांनी पोरं काढली. रुद्रच्या आईनेही काढलं होतं. तो क्लासच्या बंद दारासमोर रोज उभा राहायला लागला, म्हणून परत घातलं.

सराव. आम्ही दोघं एका रांगेत! परीक्षेच्या कातामध्ये, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमात, एक उडी आहे. हवेत वळायचं आणि दोन पायांवर उतरायचं. मॅडमचा उजवा गुडघा जिना चढतानाही वाजतो.

"मॅडम, गुडघा—"

"गुडघ्याकडे मी बघते. तू दारातून आत ये म्हणजे झालं."

शनिवार, २९ नोव्हेंबर.

ड्रेसला इस्त्री. पिशवी खिळ्याला टांगली. मिसळ खाल्ली नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर.

दारात पाय थबकले. मागे मॅडम उभ्या. मागे फिरायचं तर त्यांना बाजूला सारून जावं लागलं असतं. आत गेलो.

परीक्षक तिशीतला मुलगा. त्याच्या पहिल्या शिक्षिका मॅडमकडे शिकलेल्या, असं त्यानेच सांगितलं आणि पाया पडायला वाकला. मॅडम म्हणाल्या, "आधी परीक्षा."

माझा काता कसा झाला, आठवत नाही. शेवटी दोन पायांवर उभा होतो, एवढं खरं.

मॅडमचा काता पाहण्यासारखा होता. ओळीतली पोरं जांभया द्यायची थांबली. मग उडी. वळल्या, उतरल्या, आणि उजवा हात जमिनीला लागला. पंजा नाही. बोटांची टोकं.

परीक्षक कागदात बघायला लागला. "छान झालं, मॅडम."

"हात टेकला."

"मला नाही दिसला."

"मला दिसला."

"मॅडम, वयाप्रमाणे थोडी सूट आम्ही—"

त्या माझ्याकडे वळल्या. "हर्षल, आपला नियम पाचवा काय?"

मी परीक्षकाकडे बघितलं.

"भिंतीवर तूच लिहिलायस. बोल."

"हात टेकला तर नापास."

"मोठ्याने."

मोठ्याने म्हणालो. परीक्षकाने लिहिलं.

मी पास झालो. बाहेर आल्यावर मॅडमनी पिशवीतून नवा काळा पट्टा काढला. दुकानाचं लेबल तसंच होतं. आधीच आणून ठेवला होता. एकच.

सोमवार, १ डिसेंबर. सकाळी ६.००. क्लास.

पट्ट्याप्रमाणे रांग लावतो आम्ही. सवयीने माझ्या जागेवर गेलो. तिथे मॅडम उभ्या. तपकिरी पट्टा, हात बाजूला, नजर समोर.

"ही जागा माझी," म्हणाल्या. "तुझी पुढे."

पुढे गेलो. पोरांकडे तोंड केलं. मॅडम सगळ्यांच्या आधी वाकल्या.

क्लास सुटल्यावर त्यांनी तीनशे रुपये माझ्या हातात ठेवले. महिन्याची फी. नको म्हणालो. "पावती फाड," म्हणाल्या.

पावती लिहिली. नाव: छाया बोरस्ते. पट्टा: तपकिरी. खाली 'शिक्षक' असं छापलेलं असतं, तिथे सही करायची असते. केली.

जमा: तीनशे.
खर्च: रंगाची पुडी, वीस. मॅडमच्या पर्समध्ये तशीच पडून आहे.
देणं: काळा पट्टा, साडेचारशे. मॅडमना.