ड्यूटी बाकी आहे

अकोला,
संक्रांतीनंतरचा रविवार, २०१३

प्रिय कुलदीप,

फोन असताना ताईनं पत्र का लिहिलं, म्हणून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? बाबा गेले हे सांगायला कार्तिकात फोन केला, तर तू एवढंच म्हणालास, "ज्याहीनं माहं पार्सल वापस धाडलं, त्याहीच्या मातीले येऊन काय करू मी?" आणि फोन ठेवून दिलास. मला त्या पार्सलचं तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. काकांच्या मुलांनी खांदा दिला, अग्नीही त्यांच्यातल्याच एकानं दिला, आणि मी कोपऱ्यात बसून बाबांसाठी कमी आणि तुझ्या नावानं जास्त रडले. आता तुझ्यावर राग नाही. म्हणून सगळं नीट सांगते, मध्येच कागद चुरगाळू नकोस.

बाबांच्या जिनिंगच्या, त्या सरकी काढायच्या कारखान्याच्या, जागेवर आता प्लॉट पडणार म्हणतात. तू मस्कतला गेलास त्याच्या पुढच्याच हंगामात ती बंद पडली. कापसाच्या गाड्या येईनाशा झाल्या होत्या. निम्मे लोक सोयाबीनकडे वळले, काहींनी शेतंच सोडली, आणि पेपर उघडला की कुठल्या ना कुठल्या गावची वाईट बातमी. जिनिंगचा भोंगा थांबला आणि बाबांचं सगळंच बिघडलं. त्यांनी जन्मात घड्याळ वापरलं नाही. उठणं, जेवणं, झोपणं, सगळं भोंग्यावर. मग ते मला दिवसभर विचारायचे, किती वाजले गं, आणि मी शाळेत गेले की शेजारच्या लीलाबाईंना. तुमचं भांडणही त्या भोंग्यावरूनच झालं होतं ना? ते तुला प्रेसवर लावून देणार होते, गठाणी बांधायला. तू म्हणालास, भोंग्यावर उठणारं आणि भोंग्यावर बसणारं जिणं मला नको. बाबा त्यावर काही बोलले नाहीत, तू निघेपर्यंतही बोलले नाहीत. दोघांच्याही नाकावर राग, आणि मधल्यामध्ये मी.

तू जायच्या दिवशी ते सकाळी नेहमीसारखे ड्यूटीवर गेले. स्टेशनवर मी एकटीच होते. गाडी हलेपर्यंत तू माझ्या डोक्यावरून मागे बघत होतास, ते मला कळत होतं.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्ट्या होत्या, पण शिक्षकांना बोलावलं होतं, म्हणून मी बाळापूरला गेले होते. संध्याकाळी एसटीनं परत आले तर बाबा अंगणात हातपाय धूत होते. अंगात जिनिंगचा खाकी सदरा, चेहरा उन्हानं लालबुंद. अकोल्याचं मेमधलं ऊन तुला मी काय सांगू. मी ओरडले, कुठे गेला होता म्हणून. म्हणाले, "ड्यूटीले." आणि हसले. इतक्या दिवसांनी हसले म्हणून मला बरंच वाटलं. थट्टा करताहेत असं समजून मी कांदा फोडून दिला, वर पन्हं दिलं आणि विषय संपवला.

त्यानंतर ते दुपारचे आत झोपेनात. ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे. गल्लीत मोटरसायकल शिरली की उठून उभे राहायचे. मी घरी आले की पहिला प्रश्न, वाटेत कोणी भेटलं का. मला वाटलं, वय झालं. तुझा फोन येईनासा झाला होता, तेही मी त्यातच जमा केलं. पावसाळा गेला, दसरा झाला, तरी त्यांची खुर्ची ओसरीवरच. शेवटच्या आठवड्यात ताप होता, तरीही आत यायला तयार नव्हते.

तुझ्या त्या वाक्यानंतर, तेरावं आटोपल्यावर, मी अमरावतीला कुरिअरच्या ऑफिसात जाऊन आले. तिथल्या माणसानं आपल्या फोन नंबरावरून शोधून काढलं. तू वेबसाइटवरून बाबांसाठी घड्याळ मागवलंस, पैसे भरलेस, आणि तुला वाटलं झालं. पण परदेशातून आलेल्या मालावर इथे कस्टम ड्यूटी बसते, वर त्यांचा स्वतःचा आकार. तुला ते कोणी सांगितलं नव्हतं, आम्हाला तर नाहीच. बाबांना फोन केला होता, त्यांनी भरली नाही, मुदत संपली, माल परत. मी विचारलं, मग परत पाठवताना पार्सलवर "घेण्यास नकार" असं का लिहिता? तो म्हणाला, सोडवला नाही की तेच लिहितात. मी घरी आले. खरं सांगू, मलाही वाटलं की बाबांना तुझं घड्याळ नकोच असेल.

परवा संक्रांतीला देवमन आला. जिनिंगच्या गेटवरचा चौकीदार, तू लहान असताना तुला सरकीच्या ढिगावर चढू द्यायचा, तोच. धारणीला लेकीकडे होता, बाबा गेल्याचं त्याला उशिरा कळलं. ओसरीवरची खुर्ची पाहून त्यानं विचारलं, पोराचं पार्सल आलं होतं का शेवटी? मी त्याला बसवून विचारलं, तुला पार्सलचं कसं ठाऊक? मग त्यानं सगळं सांगितलं.

मे महिन्यात बाबा भरदुपारी बंद गेटवर गेले होते. देवमनला म्हणाले, "माही अर्धी पाळी बाकी आहे. हाफिसातून बाईचा फोन आलता. ड्यूटी भरल्याबिगर कुलदीपचं पार्सल सोडत नाही म्हणते." कुलदीप, फोनवरची ती मुलगी हिंदीत म्हणाली असेल, आपकी ड्यूटी बाकी है. बाबांना ड्यूटी म्हणजे एकच माहीत होती. आणि कुठली बाकी आहे तेही त्यांना पक्कं माहीत होतं. देवमननं ते गेटवरून पाहिलं होतं, तू गेलास त्या दिवशी ते दुपारीच प्रेस सोडून स्टेशनवर निघून आले होते. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, पाण्याच्या नळामागे उभे होते, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. त्या दिवशी परत कामावर गेलेच नाहीत. जिनिंग बंद होताना हजेरी कमी म्हणून कित्येकांचे पैसे अडवले होते, तेव्हा त्यांना हेही खरंच वाटलं.

देवमनला हसू आलं नाही. त्यानं छोटं दार उघडलं. बाबांनी रिकामं प्रेसघर झाडलं, खिडक्या पुसल्या, मग गठाणी रचायचे त्या जागी बसून राहिले. भोंगा नाही, तेव्हा पाळी संपली कसं कळणार? शेजारच्या मशिदीत असरची, उतरत्या उन्हाची अजान झाली तेव्हा देवमननं सांगितलं, झालं भाऊ, भरली. बाबा निघताना त्याला म्हणाले, "घड्याळ धाडलं म्हणे पोरानं. पोरीले सांगू नोको, हाती आलं का दाखवीन. मंग कोणाले टाइम इचारा लागत नाही."

त्यांनी नकार दिला नव्हता रे. ते वाट पाहत होते.

हे सगळं लिहिलं ते तुला रडवायला नाही, मी दोघांच्या वाटणीचं रडून झाले आहे. कार्तिकात बाबांचं वर्षश्राद्ध आहे, आणि मला ते काकांच्या मुलांच्या हातून करायचं नाही. तू ये. ते घड्याळ परत आलं तसं तुझ्याकडेच पडलं असेल, ते पुन्हा कुरिअरनं पाठवू नकोस. मनगटावर बांधून आण. हातातल्या घड्याळाला विमानतळावर कोणी काही विचारत नाही म्हणतात. आणि विचारलंच, तर सांग त्यांना, ड्यूटी माझ्या बापानं भरली आहे.

तुझीच,
जमुनाताई