माझं वाक्य मीच पुरं करीन

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमणीला परत पाठवायला तिच्या आजी-आजोबांनी साफ नकार दिलाय. ही गेल्यावर मी सावरेपर्यंत म्हणून लेकीला त्यांच्याकडे ठेवलं होतं. आता सासरे म्हणतात, की ज्याला स्वतःचं नाव धड सांगता येत नाही, तो पोर काय वाढवणार! उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, तर पहिल्याच अक्षरावर जीभ अडकली. तेवढ्यात दार लागलंसुद्धा.

मी कोर्टात अर्ज केलाय. वकील परवडत नाही, तेव्हा मीच उभा राहणार. पत्रात बघ कसा घडाघडा बोलतो! न्यायाधीशांसमोर मात्र त-त-प-प होणार.

घाबरलोय, ताई. माया कर, आणि जमलं तर धीरही पाठव.

तुझा,
बाळ्या

१३ जून

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी माझ्या खोड्या तू आईला सांगायला लागलास, की तुझं वाक्य संपेस्तोवर मी गल्लीच्या टोकाला पोचलेली असायचे. पण तू ते संपवायचासच, आणि मला मार बसायचाच! म्हणून मला तुझी काळजी नाही. खोटं लिहिलं. काळजी आहे, खूप आहे.

माझ्या बेकरीत पाव न्यायला येणारी शिक्षिका सांगत होती, की स्वतःचा खटला स्वतः लढवणाऱ्यांना कोर्टातच फुकट सल्ला मिळतो. जा आणि विचार. लाजून घरी बसलास, तर मी भट्टी विझवून तिकडे येईन.

रागावते ती मायेपोटीच, हे तुला सांगायला नको.

तुझी,
ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी शिक्षिका खरं बोलली. कोर्टाच्या जिन्याखाली एक खोली आहे. दोन टेबलं, करकरणारा पंखा आणि बाकावर माझ्यासारखीच भेदरलेली माणसं. तिथल्या वकीलबाईंना मी सगळं सांगितलं. केवढा वेळ लागला! पण त्यांनी एकही शब्द माझ्या तोंडात घातला नाही. नुसत्या ऐकत राहिल्या. मला तिथेच भरून आलं.

त्या म्हणाल्या, की आम्ही कोर्टात तुमच्या वतीने बोलत नाही, तुम्हाला बोलायला तयार करतो. न्यायाधीश पोरीचं हित बघतील, बापाचं वक्तृत्व नाही. शाळा कुठली, घरी कोण असेल, कामाच्या वेळा काय, हे सांगा. म्हणून चष्म्याच्या कारखान्यात मी कायमची सकाळची पाळी मागून घेतली. काचा घासून चिमणीची शाळा सुटायच्या आत घरी पोचेन.

पहिलं वाक्य त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं: मला बोलायला वेळ लागतो, तो द्यावा, माझं वाक्य मीच पुरं करीन.

आता तुझे आशीर्वाद तेवढे कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
बाळ्या

२० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमणी घरी आली!

सासऱ्यांचे वकील माझी वाक्यं मधेच पकडून भलतीकडे नेऊ लागले. वकीलबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी ते पहिलं वाक्य म्हटलं. अडखळलो, पण म्हटलं. न्यायाधीशांनी त्या वकिलांना थांबवलं आणि मला सांगितलं, की सावकाश बोला, आम्ही ऐकतोय. मग मी सगळं बोललो. ती तापात मला कशी बिलगून झोपायची तेही. आतल्या खोलीत न्यायाधीश तिच्याशीही बोलले. लेक माझ्याकडे राहील, आणि रविवारी आजी-आजोबांकडे जाईल, असं ठरलं. ते मला योग्यच वाटतं. त्यांचीही लेक गेलीय ना!

नंतर जिन्याखालच्या खोलीत गेलो, पण वकीलबाईंचे आभार कसे मानू ते कळेना. त्या हसल्या आणि बाकावरच्या पुढच्या बाईंकडे वळल्या.

बाहेर पायऱ्यांवर सासूबाईंनी चिमणीची पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, की दिवा एकदम मालवू नका, ती दचकते. आणि दुधावरची साय काढून द्या. सासरे खाली मान घालून उभे होते. मी दोघांनाही म्हणू लागलो, की तुम्ही तिला फार मायेनं सांभाळलंत. नेमका पहिल्याच शब्दावर अडकलो. सासूबाई थांबल्या. सासरे निघाले होते, तेही थांबले. माझं वाक्य पुरं होईपर्यंत दोघंही तिथेच उभे राहिले.

तुझ्यामुळे त्या खोलीचं दार दिसलं, ताई. आम्हा दोघांवर अशीच माया असू दे.

तुझा,
बाळ्या