पुतळ्याचा टक् आवाज

मंगळवार, संध्याकाळ

तो टक् डोक्यातून जात नाही.

डॉक्टरकीच्या नव्या अभ्यासक्रमात एखादं कौशल्य पुतळ्यावर करून दाखवलं की विद्यार्थी सक्षम. छाती दाबायच्या पुतळ्यात पुरेसा दाब पडला की टक् वाजतं. आमच्या इंटर्न हेतलला मीच सक्षम ठरवलं.

आज हजीऱ्याच्या कारखान्यातून एका कामगाराला आणलं, हृदय बंद पडलेलं. हेतल छाती दाबायला लागली. दाब बरोबर होता, तरी जोर वाढवतच गेली. का, ते मला कळेना. मी थांबवणार, तोच टक् झालं. बरगडी मोडली.

"हां सर, हवे अवाज आव्यो," ती गुजरातीत म्हणाली, म्हणजे आता आवाज आला. चेहऱ्यावर चक्क समाधान.

माणूस वाचला, म्हणून तिला कोणी बोललं नाही. मी तरी कुठे बोललो?

उद्या कॅज्युअल्टीत तिची सगळी बॅच येतेय. त्याच पुतळ्यावर शिकलेली.