आमुशाचे पावणे

आबा, सगळ्यांत आधी आली ती माझी धाकटी जाऊ, दिवेलागणीला, ओरडतच. "आवं, आमुशाला टेकडीवर माणसं नळकांडं घिऊन चढल्यात! गुप्तधन काढत्यात!" मी बॅटरी घेऊन निघालेच. बघते तर आमची नात तिथं, तिच्या जुन्नरच्या कॉलेजातल्या बाई, दोन पावणे, आणि नळकांडं म्हणजे दुर्बीण! चांदणं असलं की बारीक तारे दिसत नाहीत, म्हणून हे लोक आमुशाच धरून आपल्या घाटघरला येतात. लई हसले मी.

ज्या ताऱ्यासाठी आले होते, तो मलाही दाखवला. लालसर ठिपका, एकच. बाई म्हणाल्या, "दोन आहेत आजी. एक मोठा, फुगलेला, लाल. दुसरा बारका, पांढरा, फार तापलेला. बारका मोठ्याचा वायू ओढून घेतो आणि मधेच भडकतो. उजेड किती वाढला ते आम्ही शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघतो. सहजीवी तारे म्हणतात यांना."

माझं डोकंच फिरलं. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं झिजायचं, आणि ह्याला सहजीवी म्हणायचं? आबा, मला आपलं घर दिसलं. आई उपाशी राहून तुम्हाला वाढतेय, आणि भाकरी करपली म्हणून तुम्ही ताट भिरकावताय. ते चुलीवर आपटतं. आई राखेतनं कालवण पुसतेय. आणि माझी चौथीची परीक्षा आमुशाला आली तेव्हा? "आमुशाला पोर उंबऱ्याभायेर जायाची न्हाई," म्हणून दाराला कडी घातलीत. गुरुजी अंगणात उभे राहून विनवत होते. शाळा तिथंच सुटली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, त्या कडीचा आवाज काही जात नाही कानातनं. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते.

पावणे म्हणाले, "पुढच्या खेपेला दुर्बीण तुमच्या नातीच्या हातात." पोरीचं तोंड काय फुललं म्हणून सांगू! आणि घरी जेवताना माझा लेक, तिचा बाप, म्हणतो, "आमुशाला पोरगी टेकडीवर? न्हाई जायाची." शब्द तुमचेच, आबा. सूरसुद्धा तुमचाच.

हे पत्र टाकणार कुठं? राहील पिठाच्या डब्याखाली. पण तुम्हालाच सांगते, मी लेकापुढचं ताट उचललं आणि भातासकट भिरकावलं, चुलीवरच. अगदी तुमच्यासारखं. आणि खरं सांगू, लई बरं वाटलं. दाराची कडी मी उचकटून ठेवलीय.

पावणे येत्या आमुशाला येतो म्हणालेत.