बुधवारी घरी येऊन फेरतपासणी करण्याबाबत

प्रति,
मा. वसाहत अधिकारी,
मैत्री पुनर्वसन वसाहत,
घाटकोपर (पूर्व), मुंबई.

विषय : तळमजल्यावरील खोली नाकारल्याबद्दल फेरतपासणीची विनंती.
संदर्भ : निरीक्षक श्री. सुयोग पाटणकर यांचा अहवाल.

महोदय,

मी चौथ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. मला दीर्घ थकव्याचा आजार असल्याने तळमजल्यावरील रिकामी खोली बदलून मागितली होती. निरीक्षकसाहेब तपासणीस आले तेव्हा मी त्यांना घ्यायला फाटकापर्यंत उतरलो, त्यांच्याबरोबर जिने चढलो आणि घरातली एकुलती खुर्ची त्यांना देऊन स्वतः उभा राहिलो. घरी आलेल्या माणसाचे एवढे करतातच, असे वाटले. ते म्हणाले, "काका, तुम्ही तर माझ्यापेक्षा ठणठणीत." अहवालातही तसेच आले. त्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. त्यांच्याविषयी तक्रार नाही.

मात्र त्या दिवसापासूनचा तिसरा दिवस त्यांनी पाहिला नाही. साधा दमलेला माणूस झोपून उठला की सावरतो. माझे श्रम उशिरा अंगावर येतात. घसा दुखतो, अंग कसकसते, उजेड सोसत नाही, आणि पत्नीचे वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात मी विसरलेला असतो. झोपेने काही भरून येत नाही. छापखान्यात जन्मभर मुद्रिते तपासली, पण त्या दिवसांत पुस्तक हातात धरवत नाही. पुढे थोडे बरे वाटले की मलाच शंका येते, मी सोंग तर करीत नव्हतो? डॉक्टरांनी तसे नसल्याचे लिहून दिले आहे.

कोणी आले तरी पडून राहण्याचा सराव मी करून पाहिला. शेजारच्या रेवतीताई वाटी परत द्यायला आल्या आणि मी उठलोच. पत्नी सौ. नलिनी म्हणाली, "या भिडेपायी तुम्ही वरच अडकून पडणार." तिचे बरोबर असावे.

फेरतपासणीचा अर्ज समक्षच द्यावा लागतो, म्हणून आज मी खाली उतरलो आहे. आपले कर्मचारी मला खिडकीशी उभा पाहतील. ते कृपया माझ्याविरुद्ध धरू नये. तपासणी बुधवारी, म्हणजे आजपासून तिसऱ्या दिवशी व्हावी. दार उघडे असेल; ठोठावू नये, नाहीतर मी उठायला जाईन. खुर्ची पलंगाजवळ ठेवू. चहा नलिनी देईल. मी डोळे मिटून असेन, 'या, बसा' म्हणणार नाही. हा आपला अनादर समजू नये. अहवालात एवढेच लिहावे, की अर्जदार उठले नाहीत.

आपल्या वसाहतीतील रहिवासी,
सहदेव बाबाजी मेस्त्री
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

सोबत : डॉक्टरांचा दाखला.