नऊ तारखेची गाडी

२२ फेब्रुवारी १९९६, गुरुवार

फोन, फोन, फोन! कान दुखायला लागला. वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल आमच्या बेंगळूरला, नऊ मार्चला. कोण खेळणार ते अजून ठरलेलं नाही, आणि लोकांना गाड्या मात्र आत्तापासून हव्या! हॉटेलवाले, पेपरवाले, मुंबईहून येणारे कुणाचे तरी साडू. आमच्याकडे अँबॅसिडर दोन. एक हॉटेलला महिन्याभरासाठी दिलेली, ड्रायव्हरसकट. उरली एक. त्या एकीच्या जोरावर चामराजपेटेतल्या या पुढच्या खोलीत बसून मी साऱ्या गावाला "बघते, कळवते" म्हणते आहे. हे होते तेव्हा फोन हेच घ्यायचे. गोड बोलायचे. मला ते जमत नाही.

सकाळचा पहिला फोन मात्र विचित्र होता. पुरुषाचा आवाज, बोलणं आपल्याच लोकांचं, इथलं. "अक्का, नऊ तारखेची गाडी. राजाजीनगर, दामोदरराव. रद्द करायची." म्हटलं, अशी गाडी कुणी सांगितलेलीच नाही. "हो. पण रद्द करा." वेड्याशी कोण वाद घालणार! म्हटलं, बरं, झाली समजा. "सरी, ठीक, अक्का," म्हणाला आणि ठेवला.

मग दिवसभर चुटपुट. पहिला फोन म्हणजे भवानी. सासऱ्यांनी हा धंदा काढला तेव्हापासूनचा नियम — भवानीला नाही म्हणायचं नाही, आणि भवानीला गाडी रद्दही करून घ्यायची नाही. गिऱ्हाईक हटूनच बसलं तर तारीख बदलून द्यायची, नाव बदलून द्यायचं, पण रद्द नाही. माझा मुलगा अभी या नियमाला हसतो. हसतो, पण फोनवर बसला की पाळतो बरं का! आणि मीच मोडला.

२४ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. राजाजीनगरचे. नातवाला मॅच दाखवायची आहे, जावयाने तिकिटं आणलीत, बसमध्ये गुडघे साथ देत नाहीत, नऊ तारखेला गाडी हवी. नाव विचारलं. दामोदरराव!

मी म्हटलं, "तुमच्याकडून रद्द करायला फोन आला होता की परवा."

"अहो, गाडी ठरवायचं आज सकाळी मनात आलं. आणि आमच्याकडे फोन नाही."

हसले. मीही हसले. नाव लिहून घेतलं. नातवासाठी टोपी घ्यायची म्हणून सिटी मार्केटकडे गेले.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

दामोदररावांची सून येऊन गेली. गाडी नको म्हणाली. काल आंघोळीला पाणी काढता काढता खाली बसले, ते उठलेच नाहीत.

मी तिला चहा घ्यायचाही आग्रह केला नाही. ती गेल्यावर फोनकडे बघत बसले होते. झाली समजा — असं मीच म्हणाले होते ना!

२९ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा तोच. पहिलाच फोन.

"अक्का, मुग्धा म्हणून मुलगी. नऊ तारीख. तिची जागा रद्द."

त्याच्या आवाजामागे काही म्हणजे काही ऐकू येत नाही. रस्ता नाही, पंखा नाही, लाइनची खरखरसुद्धा नाही. विहिरीत तोंड घालून ऐकावं तसं वाटतं. विचारलं, कुठून बोलताय?

"तुमच्याच रस्त्यावर आहे."

"काम काय तुमचं?"

"तुमच्यासारखंच, अक्का. गाड्या पाठवायचं. मोठ्या मॅचला आमच्याकडेही गाड्या कमी पडतात. आधी ठरवून ठेवावं लागतं."

घाबरले की मी जास्तच फटकळ होते, हा माझा जन्माचा स्वभाव. म्हटलं, हे बघा, भवानीला आमच्याकडे रद्द होत नाही. हवी तर तारीख बदला.

मग अगदी नम्रपणे, "कुठली लिहू?"

"पुढच्या वर्ल्ड कपची लिहा!"

"स्वल्प लांब होते. पण तुमचा नियम आहे. सरी. तारीख मात्र एकदाच बदलून मिळते, अक्का."

मी खिडकीतून रस्ता बघितला. फुलवाली, रिक्षा, समोरचा टायर पंक्चरवाला. फोन कुणाच्याच हातात नव्हता.

१ मार्च, शुक्रवार

मुग्धा आली. खरंच आली, स्कूटरवरून! पुण्याची, इथे सॉफ्टवेअर कंपनीत आहे. बडबडी. "काकू, प्लीज, आम्ही चौघं आहोत ऑफिसचे, तिकिट्स आहेत पण कॅब कुठेच अव्हेलेबल नाहीये, सगळीकडे ट्राय केलं!" दामोदररावांची गाडी मोकळी झालेलीच होती. दिली.

तिला कसं सांगू? काय सांगू? स्कूटर सांभाळून चालव, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही सेम माझ्या आईसारख्या बोलता."

४ मार्च, सोमवार

मुग्धाचा हात गळ्यात. काल तिची स्कूटर लॉरीखाली गेली. स्कूटरचा चेंदामेंदा, आणि ही बाजूच्या वाळूच्या ढिगावर! बघणाऱ्यांचा विश्वास बसेना म्हणे. गाडी तशीच राहू द्या म्हणाली, बाकीचे तिघं जातील. "मला डॉक्टरने गर्दीत जायचंच नाही सांगितलंय. मी आता नेक्स्ट वर्ल्ड कपलाच बघेन!"

ती गेल्यावर मी रडले. आनंदाने का भीतीने, मलाच ठाऊक नाही. दामोदररावांनाही असंच बदलून देता आलं असतं. टोपी घ्यायला गेले होते हो.

५ मार्च, मंगळवार

देवा.

"अक्का, नऊ तारखेचा ड्रायव्हर. अभिमन्यू. रद्द."

म्हटलं, अभी ड्रायव्हर नाहीच! गाडी गुंडूअण्णा नेणार आहे. माझा मुलगा घरी बसून टीव्हीवर मॅच बघणार आहे!

"हो, अक्का. उद्या फोन करतो," म्हणाला.

रद्द झाली असं मी म्हटलेलं नाही. हे लिहून ठेवते. मी तसं म्हटलेलं नाही.

६ मार्च, बुधवार

गुंडूअण्णाला मद्रास आय झालं. मामंजींच्या वेळचा आमचा ड्रायव्हर, तीस वर्षांत सुट्टी घेतली नसेल, त्याचे डोळे आजच यायचे होते. काळा चष्मा लावून दारात उभा, "नेतो की अक्का, येनु आगल्ला, काही होत नाही." पाणी गळतंय डोळ्यांतून. आणि अभी लगेच, "अण्णा, तुम्ही झोपा. मी नेतो."

मी ओरडले. नको म्हणजे नको! अभी म्हणाला, लोकांना शब्द दिलाय, आणि चोवीस वर्षांच्या मुलाला गाडी चालवू नको कोण म्हणतं? कारण सांग. कारण काय सांगू!

सकाळचा फोन मी घेतला नाही. वाजू दिला. थांबला की पुन्हा वाजायचा. शेवटी वायर काढली.

रात्री ठरलं, नऊला आपलीच टीम खेळणार, पाकिस्तानशी. गल्लीत फटाके.

७ मार्च, गुरुवार

वायर काढून किती दिवस बसणार? सगळी पेठ गाड्यांसाठी फोन करते आहे. आणि त्याला वायर लागते, हे तरी कुणी सांगितलंय? लावली. लगेच वाजला.

मी त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, भवानीला रद्द नाही. "तारीख आता बदलत नाही, अक्का." मग नाव बदला! "चालेल. कुणाचं लिहू?"

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. गुंडूअण्णाचं नाव ओठांवर आलं. म्हातारा आहे, मागे कुणी नाही, गाडी न्यायला आपण होऊन तयार आहे. तो ओसरीवर बसून अभीची चप्पल शिवत होता. काळ्या चष्म्यातून सुई दिसेना, तरी शिवत होता. लाज वाटली मला माझी.

"मथुरा भगवंतराव. माझं लिहा."

"गाडीत बसणार, अक्का?"

"बसते."

"सरी. मग मॅचला जाऊन या. घाई नाही. परत आल्यावर बघू."

८ मार्च, शुक्रवार

विम्याचे कागद कुठे, लॉकरची किल्ली कुठे, गोड्या मसाल्यात दगडफूल किती — सगळं अभीला सांगत सुटले. तो बघतच राहिला. "आई, तुला बरं नाही का?" मग माझा बांध फुटला. दामोदरराव, मुग्धा, त्याचं नाव, माझं नाव, सगळं एका दमात सांगून टाकलं.

पोट धरधरून हसला! "तुझ्याकडे यमसुद्धा गाडी ठरवायला येतो, आणि तू त्याच्याशी घासाघीस करतेस!" मग म्हणाला, चल उद्या, पुढे माझ्या शेजारी बस, बघू कोण नेतं तुला. रात्री चार दोसे खाल्ले. मला इतकं हलकं वाटलं! मुलगा हसला की निम्मी भीती जाते.

मरायची भीती आहेच. पण अभीसाठी जी वाटली ती निराळी होती. त्यापुढे ही काहीच नाही.

९ मार्च, शनिवार

आज भवानी अभीनेच घेतली. मी देवाजवळ होते. कोण म्हणून विचारलं, तर "गिऱ्हाईक" म्हणाला. चाकांखाली लिंबं ठेवलीत. मोतिया रंगाचं पातळ नेसले आहे, यांच्या आवडीचं. निघतो.

१० मार्च, रविवार

मी आहे! हे लिहिणारी मीच आहे!

काल दिवसभर वाट बघितली. शिवाजीनगरला बस अंगावर आली तेव्हा डोळे मिटून घेतले. बस निघून गेली. मुग्धाच्या ऑफिसच्या मुलांना सोडलं. स्टेडियमच्या बाजूचे सगळे रस्ते पोलिसांनी बंद केलेले, म्हणून आम्ही कब्बन पार्कात झाडाखाली गाडी लावून बसलो. कुणाचा तरी ट्रान्झिस्टर मोठ्याने चालू. स्टेडियममध्ये ओरडा झाला की झाडांवरच्या घारी उठायच्या. मी प्रत्येक माणसाकडे बघत होते. शेंगावाला, पोलीस, सायकलवरचा. हाच का तो? हा का?

अभीने मला संत्री सोलून दिली. एरवी गाडीत तोंड न उघडणारा मुलगा, काल किती बोलला! आमचं लग्न कसं ठरलं, वडील गाडी शिकताना कुणाच्या कुंपणात घुसले, तो लहानपणी कशाला रडायचा. विचारतच होता. कधी कधी मी सांगत असताना नुसता माझ्याकडे बघत राहायचा. म्हटलं, रस्त्याकडे बघ, माझ्याकडे काय बघतोस! "गाडी उभी आहे, आई," म्हणाला.

आपण जिंकलो. सारं गाव रस्त्यावर. लोक आमच्या बॉनेटवर चढून नाचले. गाडी हळूहळू घरी आणली त्याने. मी उंबरठा ओलांडला. म्हटलं, अभी, काही झालं नाही रे! "तू घरी आलीस ना, बास," म्हणाला, आणि झोपायला गेला.

कुणीतरी चेष्टा केली असणार. नाहीतर सासऱ्यांचा नियम त्याच्यापेक्षा मोठा ठरला. काही का असेना! दूध तापवलंय. शिरा करते, भरपूर बेदाणे घालून. अभीला उठवत नाही. दमलाय. झोपू दे.

१० मार्च, पुन्हा

फोन आला होता. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "अक्का, तुमचं काही राहिलेलं नाही. काल सकाळी तुमच्या मुलाने नाव बदलून घेतलं. भवानीला रद्द करत नाही म्हणाला. तुमचं खोडायला लावलं आणि स्वतःचं परत लिहायला लावलं."

अभीचं दार आतून लावलेलं आहे. हाका मारल्या. गुंडूअण्णा पहार घेऊन दार उचकटतो आहे. ते उघडेपर्यंत मी इथेच बसून लिहिणार. लिहिते आहे तोवर दार उघडलेलं नाही.